अपुऱ्या दिवसांचें बाळ आणि आईचें दूध

सातव्या महिन्यांत जन्मलेलें मूल एक वेळ जगतें, पण आठव्यांतलें जगत नाहीं, ही समजूत आपल्या घराघरांतून अजून पुरती मावळलेली नाहीं. तिचें मूळ फार जुनें आहे. आठव्या महिन्यांत ओज हें आई आणि गर्भ यांच्यामध्यें ये-जा करीत असतें, तें स्थिर झालेलें नसतें, म्हणून त्या वेळचा प्रसव घातक, असें चरक-सुश्रुतांनीं सांगून ठेविलें आहे. आणि आश्चर्य असें कीं, हिपोक्रेटीजच्या नांवावर मोडणाऱ्या ग्रीक ग्रंथांतही आठमाशी मुलाविषयीं हीच भीति आढळते. इतक्या दूरच्या दोन देशांतील वैद्यांचें एकमत व्हावें आणि तें दोघांचेंही चुकावें, असें क्वचितच घडतें! आज प्रसूतिगृहांचा अनुभव याच्या नेमका उलट आहे. गर्भाशयांत काढलेला प्रत्येक अधिक आठवडा बाळाच्या पथ्यावरच पडतो, आणि आठव्या महिन्यांतील बाळाला सातव्या महिन्यांतील बाळापेक्षां जगण्याची आशा कितीतरी अधिक असते.

वैद्यकाच्या हिशेबानें ३७ आठवडे पुरे होण्यापूर्वीं जन्मलेलें मूल तें अपुऱ्या दिवसांचें. अशीं मुलें क्वचित् जन्मतात असें कोणी समजूं नये. एकट्या २०२० सालीं भारतांत अशीं तीस लाखांवर मुलें जन्मलीं. साऱ्या जगांतील अशा मुलांच्या पांचव्या हिश्शाहून ही संख्या अधिक आहे. जुळीं, आईचा वाढलेला रक्तदाब, गर्भाशयांतील रोगसंसर्ग अशीं त्याचीं नाना कारणें आहेत, आणि पुष्कळदां तर कोणतेंच कारण हातीं लागत नाहीं. सुशिक्षित व खाऊनपिऊन सुखी असलेलीं घरेंही त्यांतून सुटत नाहींत. शिवाय आपल्याकडे एक निराळीच अडचण होते. पहिलटकरीण माहेरीं जावयाची ती सातव्या-आठव्या महिन्यानंतर. बाळ त्याच्या आधींच आलें म्हणजे तें सासरीं येतें, आणि तेंही घर बेसावध असतांना. बाळंतिणीची खोली झाडलेली नसते, डिंक-खारीक आणलेली नसते, मुलीची आई दूर गांवीं असते, आणि बाळ मात्र इस्पितळांत कांचेच्या उबदार पेटींत, नाकातोंडांत नळ्या घातलेल्या अवस्थेंत पडलेलें असतें.

अशा वेळीं घरांतील वडील बायकांना करण्यासारखें असें फारच थोडें उरतें. बाळाला न्हाऊं घालतां येत नाहीं, मांडीवर घेतां येत नाहीं. मग त्यांची सारी माया स्वयंपाकघराकडे वळते. बाळ अशक्त आहे ना, मग त्याच्या आईला इतकें कसदार खाऊं घालूं कीं तिचें दूध घट्ट उतरेल, असा निश्चय होतो. हा निश्चय मायेपोटीं केलेला असतो, त्याला कोणी हंसूं नये. परंतु त्याची दुसरी बाजू कठोर आहे. चार दिवसांनीं सून वाटीभर दूध काढून इस्पितळांत पाठविते, तें निळसर, पाण्यासारखें दिसतें, आणि कोणीतरी म्हणतें कीं, हिचें दूधच पातळ, बाळाचें वजन वाढणार कसें? हें एक वाक्य अनेक मुलांचें दूध तोडतें. आधींच दिवस पुरे न झाल्याचा दोष आपल्या माथीं आहे असें मानणारी ती मुलगी आपल्या दुधावरचा विश्वास हरवून बसते, काढण्याचा कंटाळा करूं लागते, आणि पंधरा दिवसांत पावडरचा डबा घरांत येतो. म्हणून आईच्या आहाराचा तिच्या दुधावर परिणाम होतो काय, कोठें होतो, आणि कोठें मुळींच होत नाहीं, हें नीट पाहणें अगत्याचें आहे.

प्रथम हें दूध किती मोलाचें आहे तें सांगतों. अपुऱ्या दिवसांच्या मुलाचें आंतडें कच्चें असतें. त्याला सूज येऊन त्याचा कांहीं भाग निर्जीव होण्याचा एक भयंकर विकार या मुलांत होतो, आणि त्यांत पुष्कळ मुलें दगावतात. इंग्लंडांत ल्यूकस व कोल यांनीं नऊशेंहून अधिक अशा मुलांची पाहणी करून १९९० सालीं असें प्रसिद्ध केलें कीं, केवळ कृत्रिम दुधावर वाढविलेल्या मुलांत हा विकार केवळ मानवी दुधावर असलेल्या मुलांच्या सहा ते दहा पट आढळला. थोडें आईचें व थोडें कृत्रिम, असें मिळालेलीं मुलें या दोहोंच्या मध्यें होतीं. म्हणजे थोडेंसें आईचें दूधही वायां जात नाहीं. पहिल्या दोन-तीन दिवसांचा पिवळसर चीक तर या मुलांना औषधासारखा आहे. किलोभर वजनाच्या बाळाला पहिल्या दिवशीं एका वेळीं चहाचा अर्धा चमचाही दूध लागत नाहीं. तेव्हां आईला चार थेंबच आले म्हणून कोणी तोंड वांकडें करूं नये. तेवढ्याच थेंबांची त्या बाळाला गरज असते.

यापुढची गोष्ट अधिक नवलाची आहे. टोरोंटो येथील संशोधकांनीं १९७८ सालीं दाखविलें कीं, अपुऱ्या दिवसांत बाळंत झालेल्या स्त्रीच्या दुधांत पहिले कांहीं आठवडे नत्रयुक्त द्रव्यें, म्हणजे मुख्यत्वें प्रथिनें, पुऱ्या दिवसांच्या बाळंतिणीच्या दुधापेक्षां अधिक असतात. यासाठीं तिनें निराळें कांहीं खाल्लेलें नव्हतें. जी स्त्री ‘कच्ची’ बाळंतीण म्हणून कींव करण्याचा विषय होते, तिचेंच दूध तिच्या बाळापुरतें अधिक कसदार असतें. तें तुरटासारखें किंवा खारट लागलें तरी नासलेलें आहे असें समजूं नये.

आतां आहाराचा प्रश्न. डॉ. सी. गोपालन यांचें नांव पोषणशास्त्रांत सर्वत्र आदरानें घेतलें जातें. त्यांनीं दक्षिण भारतांतील गरीब बायकांच्या दुधाचा अभ्यास करून १९५८ सालीं जें लिहिलें त्यानें पुष्कळांचे डोळे उघडले. ज्यांना दोन वेळचें पुरेसें अन्न मिळत नव्हतें अशा त्या बायका महिनोन्महिने मुलांना पाजीत होत्या; आणि त्यांच्या दुधांतील प्रथिनें व साखर यांचें प्रमाण सुखवस्तु बायकांच्या दुधाच्या फारसें मागें नव्हतें. उणेपणा होता तो मुख्यत्वें कांहीं जीवनसत्त्वांचा. पुढें आफ्रिकेंत गांबिया देशांतील केनेबा या खेड्यांत याच्या उलट प्रयोग झाला. तेथील पाजत्या आयांना १९८० च्या सुमारास रोज सुमारें ७०० उष्मांकांचें जादा अन्न कित्येक महिने देण्यांत आलें. त्या बायकांची प्रकृति सुधारली, परंतु दुधाचें माप वाढलें नाहीं. याचा अर्थ इतकाच कीं, दूध तयार करणारी ग्रंथि आईच्या ताटाकडे पाहून काम करीत नाहीं. ताटांत कमी पडलें तर ती आईच्या शरीरांतून काढून घेते. स्निग्धांश तिच्या अंगावरच्या मेदांतून, चुन्याचा अंश तिच्या हाडांतून. बाळ उपाशी राहत नाहीं, आई झिजते. म्हणून आईला पोटभर व चांगलें जेवूं घातलेंच पाहिजे. पण तें तिच्यासाठीं, तिच्या दुधाला घट्टपणा यावा म्हणून नव्हे.

आणि घट्टपणा हा गुण तरी कोणीं ठरविला? सुश्रुतानें शुद्ध स्तन्याची जी परीक्षा सांगितली आहे ती संस्कृत जाणणाऱ्या वाचकांनीं पुन्हां एकदां उघडून पाहावी. पाण्यांत टाकलें असतां जें एकजीव होतें, तरंगत नाहीं, बुडत नाहीं, ज्यास तंतु सुटत नाहींत, जें थंड, निर्मळ, शंखासारखें आणि पातळ असतें, तेंच त्यानें निर्दोष मानिलें आहे. पातळ हा शब्द तेथें दोष म्हणून आलेला नाहीं, गुण म्हणून आला आहे! आपण म्हशीच्या दुधावर पोसलेलीं माणसें. साय धरेल तें दूध चांगलें, ही आपली दुधवाल्याशीं घालावयाची हुज्जत आपण सुनेच्या दुधाशींही घालतों. वस्तुतः एकाच वेळच्या दुधांतही आरंभीं निघणारें दूध निळसर व पातळ आणि शेवटीं निघणारें अधिक स्निग्ध असतें. म्हणून काढतांना स्तन पुरता रिकामा करावा. शेवटच्या धारा सोडून दिल्या तर बाळाच्या वजनास जें लागतें तेंच मागें राहतें. कांहीं इस्पितळांत वजन न वाढणाऱ्या बाळास हें मागाहून निघणारें दूध निराळें काढून देतात. दहा लाडवांनीं जें साधणार नाहीं तें येथें पांच मिनिटें अधिक दूध काढण्यानें साधतें.

परंतु यावरून आईनें कांहींही खावें, कांहींही न खावें, दुधास सारें सारखेंच, असें कोणी समजेल तर तेंही चुकीचें होईल. कांहीं द्रव्यें अशीं आहेत कीं, तीं आईच्या शरीरांत नसलीं तर दुधांतही उतरत नाहींत. त्यांत आपल्यासारख्या शाकाहारी घरांनीं सर्वांत अधिक लक्ष द्यावयाचें तें ब-१२ या जीवनसत्त्वाकडे. वनस्पतींत तें नसतें. शाकाहाऱ्यास तें मिळतें दूध, दही, ताक, पनीर यांतून; आणि आपल्या घरांत सुनेच्या वाट्यास येणारें दूध म्हणजे पुष्कळदां चहांत पडेल तेवढेंच! वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांतील डॉक्टरांनीं १९६२ सालीं अशा कांहीं तान्ह्या मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. मुलें आईच्या दुधावर होतीं, दिसण्यांत गुटगुटीतही असत, परंतु पांढुरकीं पडलेलीं, हातापायांच्या कातडीवर काळसर झांक आलेलीं, हंसणें-खेळणें विसरून गेलेलीं, आणि कित्येकांचे हातपाय थरथरत. आयांच्या रक्तांत व दुधांत ब-१२ अत्यल्प होतें. तें जीवनसत्त्व मिळतांच मुलें सुधारलीं. ही गोष्ट दूरच्या प्रांताची किंवा जुन्या काळाची म्हणून सोडून देतां येत नाहीं. डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातर्फे आसपासच्या खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा अभ्यास १९९३ पासून चालविला. त्यांत निम्म्याहून अधिक बायकांत ब-१२ उणें आढळलें. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला पोटांत असतां मिळावयाचा सांठाही पुरता मिळालेला नसतो. म्हणून अशा बाळंतिणीचें ब-१२ रक्तांतून तपासून घेणें आणि उणें असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्यानें गोळी किंवा सुई घेणें, हें खरें बाळंतपथ्य होय. त्यांत धर्मास बाध येण्यासारखें कांहीं नाहीं. हें जीवनसत्त्व सूक्ष्म जंतूंकडून तयार करवून घेतलेलें असतें.

आयोडीनचीही तीच गोष्ट. अलीकडे कांहीं घरांतून साधें मीठ वर्ज्य करून सैंधव वापरण्याची टूम निघाली आहे. सैंधव उपवासापुरतें ठीक आहे, परंतु पाजत्या आईच्या रोजच्या जेवणांत आयोडीनयुक्त मीठच असावें; बाळाच्या मेंदूच्या वाढीस लागणारें आयोडीन आईच्या दुधांतूनच येतें. ब-१ जीवनसत्त्व आईच्या अन्नांत नसेल तर बाळाचें हृदय एकाएकीं दुबळें पडतें. पांढऱ्या सडीक तांदळाचा भात हेंच मुख्य अन्न, आणि त्यांतून बाळंतिणीस भाज्या, डाळी वर्ज्य, अशा चालीमुळें काश्मीरांत असे तान्हीं मुलें दगावण्याचे प्रकार या शतकांतही घडले आहेत. बाळंतिणीस आठ-पंधरा दिवस नुसत्या तूप-मेतकूट-भातावर ठेवणाऱ्या आपल्या घरांनींही यावरून बोध घेण्यासारखा आहे.

दुधांतील स्निग्धांश किती असावा हें आईच्या जेवणावर फारसें अवलंबून नसलें, तरी तो कोणत्या जातीचा असावा हें मात्र असतें. मेंदू व डोळे यांच्या घडणीस डी. एच. ए. नांवाचें एक स्निग्ध अम्ल लागतें, तें माशांत पुष्कळ असतें, आणि शाकाहारी आयांच्या दुधांत कमी उतरतें. जवस, अक्रोड यांतून शरीर तें थोडेंबहुत बनवितें. यावरून कोणासही वाटेल कीं, अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या आईला हें द्रव्य भरपूर द्यावें म्हणजे झालें. कॅनडांत नेमका हाच प्रयोग करून पाहिला. २९ आठवड्यांच्या आंत जन्मलेल्या मुलांच्या आयांना त्याची मोठी मात्रा दिली. मुलांच्या फुप्फुसांस त्याचा लाभ दिसला नाहीं, उलट अपाय होण्याची शंका येऊन प्रयोग मध्येंच थांबविण्यांत आला, आणि ही हकीकत २०२० सालीं प्रसिद्ध झाली. दुसरीकडे ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं तें बाळांनाच दिलें होतें. तेथेंही फुप्फुसांस लाभ झाला नाहीं, परंतु पांचव्या वर्षीं त्या मुलांची बुद्धि इतरांपेक्षां किंचित् सरस आढळली, असें त्यांनीं २०२२ सालीं कळविलें. तात्पर्य, जवसाची चटणी आनंदानें खावी, पण डी. एच. ए. च्या मोठ्या मात्रा आपल्याच मतानें बाजारांतून आणून आईला देऊं नयेत.

आणि कांहीं द्रव्यें अशीं आहेत कीं, आईनें कितीही खाल्लें तरी तीं दुधांत वाढत नाहींत. लोह हें त्यांतलें मुख्य. गर्भाला लोहाचा आणि चुन्याचा सांठा मिळतो तो शेवटच्या तीन महिन्यांत. जो पाहुणा जेवणाची पंगत अर्धी असतांनाच उठून आला, त्याच्या पानांत तें वाढलेंच गेलें नाहीं. अळिवांत लोह पुष्कळ आहे, म्हणून अळिवाची खीर आईच्या रक्तास उत्तम. परंतु तिनें रोज वाटीभर खीर खाल्ली म्हणून बाळाला लोह मिळेल ही आशा व्यर्थ आहे. तें बाळाला थेंबांच्या रूपानें निराळेंच द्यावें लागतें, आणि ड जीवनसत्त्वाचेंही तसेंच. डॉक्टरांनीं दिलेले ते थेंब, एवढ्या कोंवळ्या जिवाला औषधें कसलीं, असें म्हणून फडताळांत ठेवून देणारीं घरें थोडीं नाहींत.

मग आईनें खावें तरी काय? भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनें २०२० सालीं ठरविलेल्या प्रमाणानें पहिले सहा महिने पाजत्या आईस नेहमींपेक्षां रोज सुमारें ६०० उष्मांक अधिक लागतात. म्हणजे स्थूल मानानें दोन भाकऱ्या, वाटीभर घट्ट वरण आणि पेलाभर दूध एवढें जादा. यांत कोठेंही दुर्मिळ किंवा महाग असें कांहीं नाहीं. डिंकाचा लाडू जरूर द्यावा. खारीक, खोबरें, तूप, गूळ यांनीं थकलेल्या शरीराला बळ येतें, आणि रात्रीं दोन वाजतां दूध काढावयास उठलेल्या मुलीस तोंडांत टाकावयास लाडवासारखी सोयीची वस्तु नाहीं. मेथी, बाळंतशोपा, शतावरी यांनीं दूध वाढतें असें पिढ्यानपिढ्या मानलें गेलें आहे. आधुनिक परीक्षेंत त्याला ठाम आधार मिळालेला नाहीं. जेवणांत असतात तितपत त्यांनीं बिघडतही नाहीं. पाणी तहान लागेल तेव्हां व तितकें प्यावें. बाळंतिणीस पाणी तोडण्याची जुनी चाल जितकी वाईट, तितकीच घागरभर पाणी पाजून दूध वाढविण्याची नवी कल्पनाही निरर्थक आहे. डाळ वातूळ, पालेभाजी सारक, फळें थंड, दही कफकारक, असें म्हणत म्हणत बाळंतिणीच्या पानांतील एकेक पदार्थ उचलूं लागलें कीं, शेवटीं उरतो तो भात.

दूध देणाऱ्या बाईच्या तोंडावर पहारा ठेवण्याची हौस केवळ आपल्याच लोकांची आहे असें मात्र नाहीं. अमेरिकेंत कोनी आयलंडच्या जत्रेंत मार्टिन कूनी नांवाचा एक गृहस्थ १९०३ पासून १९४३ पर्यंत अपुऱ्या दिवसांचीं बाळें कांचेच्या पेट्यांतून ठेवून तिकीट लावून दाखवीत असे, आणि त्या पैशावर त्यांना वांचवीत असे. त्याच्या पदरीं दूध पाजणाऱ्या दाया होत्या. त्यांपैकीं कोणी बाहेरचें चटकमटक खातांना आढळली कीं, तो तिला तडकाफडकी काढून टाकी, असें सांगतात. बाळें मात्र जगलीं तीं दायांच्या पथ्यानें नव्हेत. ऊब, स्वच्छता आणि मानवी दूध यांनीं जगलीं.

दूध वाढतें तें मुख्यत्वें काढण्यानें. पुऱ्या दिवसांचें मूल स्वतः ओढून आईला दूध आणवितें. अपुऱ्या दिवसांच्या मुलास सुमारें ३४ आठवड्यांपर्यंत ओढणें, गिळणें व श्वास घेणें यांचा मेळ घालतां येत नाहीं. तें काम तोंवर हातानें किंवा पंपानें करावें लागतें. बाळंतपणानंतर शक्य तर पहिल्या तासाभरांत, निदान पहिल्या सहा तासांत आरंभ करून, पुढें दिवसरात्र मिळून आठ ते दहा वेळां, आणि त्यांत रात्रीं एकदां तरी. ज्या आईनें पहिल्या पंधरवड्यांत हा नेम सांभाळला तिला पुढें सहसा उणें पडत नाहीं, आणि ज्या आईला तो सांभाळूं दिला नाहीं तिची भरपाई नंतर कोणत्याही पदार्थानें होत नाहीं. हात धुवावे, भांडें उकळून घ्यावें, काढलेलें दूध झांकून ठेवावें. इस्पितळांत नेईपर्यंत घरांत चार तासांहून अधिक वेळ तें उघड्या हवेच्या उष्णतेंत राहूं नये. अधिक वेळ लागणार असेल तर शीतकपाटांत ठेवून बर्फांतून न्यावें. तें चुलीवर उकळूं नये. देतांना गरम पाण्याच्या भांड्यांत वाटी ठेवून कोमट करावें, इतकें पुरे. आठ-दहा वेळां दूध काढावयाचें म्हणजे दिवसाचे चार-पांच तास त्यांत जातात. एकत्र कुटुंबाचा खरा उपयोग येथें आहे. सुनेनें पाट-पाणी, पाहुणेरावळे, थोरल्या मुलाचा अभ्यास यांतून कांहीं आठवडे पुरतें मोकळें व्हावें, इतकें जर सासूबाई आणि जाऊबाई करूं शकल्या, तर त्यांनीं दुधासाठीं करण्यासारखें सर्व केलें.

दुसरी गोष्ट बाळाच्या सहवासाची. अपत्याच्या स्पर्शानें, दर्शनानें, नुसत्या स्मरणानेंही दूध प्रवृत्त होतें, आणि क्रोध, शोक, वात्सल्याचा अभाव यांनीं तें नष्ट होतें, असें सुश्रुतानेंच सांगितलें आहे. पान्हा सुटण्यास कारण होणारा ऑक्सिटोसिन हा अंतःस्राव भीतीनें व वेदनेनें अडतो, हें आजचें शास्त्रही सांगतें. पॅरिसचे डॉ. ब्युदँ यांनीं १९०० सालच्या आपल्या ग्रंथांत अशाच मुलांविषयीं लिहितांना आईला मुलाजवळ येऊं देण्याचा आग्रह धरिला. दक्षिण अमेरिकेंत बोगोता येथें डॉ. रे यांनीं १९७८ मध्यें पेट्यांच्या टंचाईपायीं बाळ आईच्याच उघड्या छातीशीं बांधून ठेवण्याची पद्धत काढली. दिल्लीचें सफदरजंग रुग्णालय आणि आफ्रिकेंतील चार रुग्णालयें यांनीं मिळून एक ते १.८ किलोच्या मुलांवर हिची परीक्षा केली. प्रकृति स्थिर होण्याची वाट न पाहतां जन्मतांच छातीशीं घेतलेल्या मुलांत पहिल्या २८ दिवसांत शंभरीं १२ दगावलीं; वाट पाहून घेतलेल्यांत सुमारें १६. हा निकाल २०२१ सालीं प्रसिद्ध झाला, आणि पुढल्याच वर्षीं जागतिक आरोग्य संघटनेनें अशा सर्व मुलांसाठीं जन्मापासून हीच पद्धत सांगितली. आतां ज्या घरांत सोयराचे दहा दिवस किंवा सव्वा महिना बाळंतिणीनें उंबरठा ओलांडावयाचा नाहीं असा दंडक आहे, तेथें काय व्हावें? वडील दुधाची बाटली घेऊन जातात आणि आई खोलींत शेक घेत बसते! दंडक निघाला तो बाळ आईच्या कुशींत आहे हें गृहीत धरून. बाळ इस्पितळांत असेल तर बाळंतिणीची खोलीही तेथेंच.

दीड किलोच्या आंतील बाळाला आईच्या दुधांत डॉक्टर एक भुकटी मिसळून देतात. प्रथिनें, चुना, स्फुरद यांचा त्यांत भर असतो. हें पाहून घरच्या माणसांस वाटतें कीं, दूध उणें ठरलें. तसें नाहीं. बाळ गर्भांतल्या वेगानें वाढवावयाचें असतें, दर किलोस रोज सुमारें १५ ग्राम. आणि त्याचें पोट मात्र चमच्याएवढें. म्हणून थोड्या दुधांत अधिक पोषण बसविण्याची ही युक्ति. मात्र ही मोकळीक भुकटीपुरतीच. घरच्या कोणीही त्या दुधांत साखर, गाईचें दूध किंवा आणखी कांहीं घालूं नये. बाळगुटी, मध, उगाळलेलें सोनें, वेखंड, यांतलें कांहींही या बाळाच्या जिभेस लावूं नये. मधांतील एका जंतूच्या विषानें तान्ह्या मुलांचे स्नायु लुळे पडतात. आणि आंतडें जेथें इतकें नाजूक, तेथें सहाणेवरची गुटी म्हणजे प्रत्यक्ष धोका आहे. गुटीनें आमचीं पांच वाढलीं, हें आजीबाईंचें म्हणणें खोटें नसेल. तीं पांचही नऊ महिन्यांचीं होतीं.

इतकें करूनही कांहीं आयांना पुरेसें दूध येत नाहीं, किंवा त्या स्वतःच अत्यवस्थ असतात. अशा वेळीं पावडरच्या आधीं दूधपेढी आठवावी. मुंबईस शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांत डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनीं १९८९ मध्यें अशी पेढी काढली. आशिया खंडांतील ती पहिली समजली जाते. ज्यांना आपल्या बाळास पुरून उरतें अशा आया तेथें दूध देतात, त्यांची रक्तपरीक्षा होते, आणि दूध साडेबासष्ट अंशांवर अर्धा तास तापवून निर्जंतुक करून सांठवितात. पुढें अशा पेढ्या इतर शहरांतही निघाल्या, आणि २०१७ मध्यें केंद्र सरकारनें त्यांच्यासाठीं नियमावलि केली. आपल्या घरांतून यावर हटकून एक प्रश्न येतो, तो म्हणजे दूध कोणाचें? सुश्रुतानें दाई स्ववर्णाची पाहावी असें लिहिलें आहे, हें खरें. पेढींत अनेक आयांचें दूध एकत्र होतें, आणि कोणी कोणाची जात विचारीत नाहीं. सुश्रुताचीं दुसरीं दोन वचनें वर आम्हीं मोठ्या आनंदानें स्वीकारलीं. हें मात्र आम्ही सोडतों, आणि घरांतील वडिलांनींही तें सोडावें. जन्मानंतर आठव्या दिवशीं ज्या बाळाच्या आंतड्यास सूज येऊं पाहत आहे त्याच्यापुढें हा प्रश्न काढण्याची ती वेळ नव्हे.

बाळ घरीं आल्यावरही कांहीं दिवस तें पुरतें ओढीत नाहीं. तेव्हां बाटलीच्या नादीं न लागतां आजीच्या पेटींतलें चांदीचें बोंडलें काढावें, तें रोज उकळून घ्यावें, आणि अंगावर पाजून झालें कीं, राहिलेलें दूध त्यानेंच द्यावें. आठवड्यास एकदां वजन करावें, आणि तें त्याच त्या कांट्यावर करावें.